होडीतून आलेला राजा

२०२५च्या जुलैत उत्तर आयर्लंडमधल्या मॉयगॅशेल गावात लाकडांची उंच रास रचली गेली. टोकाला होडी, होडीत लाइफ जॅकेट घातलेले निर्वासितांचे पुतळे. मग सगळं पेटवलं. निमित्त बॉइनच्या लढाईच्या वार्षिक जल्लोषाचं, म्हणजे ती जिंकणाऱ्या इंग्लंडच्या राजाचं, तिसऱ्या विल्यमचं. ज्याच्या नावाने हे चालतं तो स्वतः डच, १६८८च्या नोव्हेंबरात परकी फौज जहाजांत भरून टॉर्बेला उतरलेला. या लोकांशी वाद तरी काय घालायचा?

त्याची आधीची वर्षं मला फारशी धरून ठेवत नाहीत. १६५०त हेगला जन्म, बाप आठच दिवस आधी देवीने गेलेला. १६७२त फ्रेंच फौजा देशात शिरल्या तेव्हा हाती आलेली सत्ता. १६७७त मामाचीच मुलगी केली, आपल्याकडच्या रिवाजाला शोभेल अशी. पुढे इंग्लंडच्या ज्या जेम्स राजाची गादी घेतली, तो मामाही आणि सासराही.

खरी गंमत १६८९ ते १६९९ या दशकात आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांनी ते 'रक्तहीन राज्यक्रांती' म्हणून दोन ओळींत आटोपलं. बॉइनकाठी सांडलं ते काय होतं? १६९२त स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोत सैनिक पाहुणे म्हणून राहिले आणि पहाटे यजमानांनाच कापून काढलं. त्या हुकुमावर विल्यमची सही होती, त्याची बाजू घेताना हे गिळून टाकता येत नाही. पण हक्कांचा कायदा याच दशकातला. १६९४त फ्रान्सशी लढायला १२ लाख पौंडांचं कर्ज हवं होतं, त्यातून बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली. १६९५त छापण्याआधी परवाना घेण्याचा कायदा मुदत संपून गेला, संसदेने तो पुन्हा आणला नाही. लेखणीवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला बॉइनपेक्षा हे वर्ष मोठं वाटतं. त्याची मिरवणूक मात्र कोणी काढत नाही.

फ्रान्सशी तह झाला, गरज सरली. संसदेने इंग्लंडमधलं सैन्य ७,००० वर आणलं, तेही तिथेच जन्मलेल्यांचं. बॉइनला पाण्यात उतरून लढलेले त्याचे डच पहारेकरी १६९९त परत धाडले. राजाने विनवण्या केल्या, राज्यत्यागाचं भाषणही लिहून ठेवलं होतं. बायको मेरी १६९४तच गेलेली. त्या दरबारात त्याचं स्वतःचं म्हणावं असं आता कोण उरलं होतं?

आपल्या मुलखात आलेला त्याचा वकील सर विल्यम नॉरिस १७०१त औरंगजेबाला भेटला तो पन्हाळ्याच्या वेढ्यात. समुद्री चाच्यांपासून संरक्षणाची हमी बादशहाने मागितली, नॉरिसने दिली नाही. फर्मानाविना निघाला आणि १७०२त समुद्रातच वारला.

राजाही त्याच वर्षी गेला, घोड्यावरून पडून. त्याआधी १७०१त संसदेने कायदा केला: परदेशात जन्मलेल्याने राजाच्या सल्लागार मंडळात बसू नये, संसदेतही नाही. गादीचा वारसाही त्याच कायद्याने ठरवला आणि त्यानुसार १७१४त जर्मनीतून जॉर्ज आणवला.