अमिलॉइडोसिस : बेटांवर आणि आपल्याकडे

“क्षय बरा होत आला, मग पाय का सुजले?” असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस विचारतात. काही रुग्णांच्या बाबतीत त्याचे उत्तर अमिलॉइडोसिस हे असते. नाव अवघड असल्याने त्याविषयी आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे देत आहोत.

या विकारात शरीरातील एखाद्या प्रथिनाची घडी बिघडते, त्याचे न विरघळणारे तंतू बनतात आणि मूत्रपिंड, हृदय, यकृत अशा अवयवांत साठत जातात. आम्हां हिशेबाच्या माणसांना ठेव वाढली की आनंद होतो. ही ठेव मात्र अवयवाचेच भांडवल खाते.

त्याचे कारण सर्वत्र एक नाही. उष्ण कटिबंधातील बेटांकडे पाहिले की हे ध्यानात येते. पापुआ न्यू गिनीत १९७० च्या दशकात अभ्यासलेल्या रुग्णांत ‘एए’ प्रकारचे तंतू आढळले. शरीरात दाह दीर्घकाळ धुमसत राहिला, की यकृत ‘सीरम अमिलॉइड ए’ हे प्रथिन प्रमाणाबाहेर तयार करते. हे तंतू त्याचेच. तेथे कुष्ठरोगात वारंवार ताप येऊन गाठी उठणाऱ्या रुग्णांशी या विकाराचा संबंध दिसून आला. कॅरिबियन बेटांवरील आफ्रिकी वंशाच्या लोकांत मात्र संसर्गाचा दोष नसतो. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाच्या जनुकातील एक बदल गुलामांच्या व्यापारात पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्या माणसांबरोबर तेथे पोहोचला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत शंभरांत तीन-चार जणांकडे तो असतो. सर्वांनाच आजार होत नाही. परंतु साठीनंतर काहींचे हृदय ताठर होते आणि रक्तदाबाचा परिणाम समजून खरे निदान राहून जाते.

आपले साम्य पापुआशी. भारतात ‘एए’ प्रकारामागे बहुधा क्षयच असतो. पायांवर सूज, फेसाळ लघवी ही त्याची चिन्हे. लघवीतील प्रथिनाची तपासणी अल्प खर्चाची आहे. निश्चित निदानासाठी मात्र मूत्रपिंडाचा वा पोटावरील चरबीचा सूक्ष्म तुकडा काढून काँगो रेड या रंगाने रंगवावा लागतो. ध्रुवीकृत प्रकाशात अमिलॉइड हिरवट चमकते.

मूळ संसर्ग आटोक्यात आला, तर नवा साठा मंदावतो. काहींचे मूत्रपिंड सुधारतेही. म्हणूनच क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांच्या घरी आमच्या समाजसेविका जातात. जमाखर्च पत्रकातील ‘प्रवासखर्च’ या रकमेविषयी काही देणगीदारांनी पृच्छा केली होती. ती बहुतांशी याच फेऱ्यांची आहे.