मोटारीचे हस्तचित्र

माल उचलण्यापूर्वी नमुना पाहावा, हे धान्याच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. खास घडविलेल्या मोटारीचा नमुना मात्र प्रथम कागदावर उतरत असे. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर यांच्यासाठी 1935 साली जी ड्युसेनबर्ग गाडी तयार झाली, तिचे इंजिन व चॅसी अमेरिकेतील. बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याने ए. एफ्. मॅक्नील यांच्या आराखड्यावरून घडविली. केशरी व काळ्या रंगाची ती दोन आसनांची गाडी आजही जाणकारांस मोहविते.

अशी गाडी हाताने रेखावयाची तर प्रथम पेन्सिलीने जमिनीची रेषा आखून तीवर दोन चाके बसवावीत. चाकाचा व्यास हेच माप. त्यानेच चाकांमधील अंतर व छताची उंची मोजावी. चाके चुकली की पुढील सारी शोभा व्यर्थ होय. मग मार्कर. त्याची स्पिरिटची शाई लवकर वाळते व पुसता येत नाही. म्हणून फिका रंग आधी, गडद मागाहून. आणि शाई ओली आहे तोवर हात एकाच दिशेने फिरवावा. पत्र्याची झळाळी रंगाने साधत नाही. तेथे कागद कोराच राखावा.

चित्रे काढणारे मूल वेळ दवडते, अशी समजूत आपल्या पेढ्यांवर अद्याप आढळते. परंतु प्रमाण राखणे, क्रम न मोडणे आणि हात कोठे आवरावा हे ओळखणे, हे गुण व्यापारासही लागतात. मुलांच्या हातची पेन्सिल काढून घेऊ नये, एवढीच समाजबांधवांस विनंती.