चिडवणे कुठे जाते?

'लहानपणी सगळेच चिडवतात, पुढे विसरतात,' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा पन्नाशीपर्यंत घेण्यात आला. सातव्या व अकराव्या वर्षी ज्यांना इतर मुलांनी वारंवार छळले, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य व चिंता अधिक आढळली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

डॉ. आंबेडकरांना सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसवीत. शिपाई नसला तर पाणी नाही. ही काही नुसती चिडवाचिडवी नव्हे, समाजमान्य छळच. चाळिशी ओलांडल्यावरही त्यांनी तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बारीकसारीक तपशिलांनिशी लिहून ठेवला.

माझ्या वडिलांना लेखणी मिळाली नाही. त्यांची जीभ अडखळते. वर्गातली पोरे नक्कल करीत, मास्तरही हसत. सातवीतच त्यांनी शाळा सोडली. नक्कल करणारे केव्हाच पांगले. चारचौघांत तोंड उघडण्याची धास्ती मात्र पन्नाशीतही गेलेली नाही. केडगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीशी ते पैसे पुढे सरकवतात आणि माझ्याकडे पाहतात. ''दोन दौंड,'' मी म्हणतो.