मोजून दिसते, मग सिद्ध कशाला?

नववीचे वर्ष सुरू झाले की भूमितीच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. कधी तो तोंडावर विचारला जातो, बहुतेकदा मनातच राहतो. ‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश असते, हे आम्ही मोजून पाहिले आहे. मग ते पुन्हा सिद्ध कशाला करायचे?’ प्रश्न उर्मट नाही, रास्त आहे. त्याचे उत्तर न देता आपण फळ्यावर ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहून देतो. मग मुले सिद्धता पाठ करतात आणि आकृतीतील अक्षरे बदलली की अडतात.

म्हणून आधी मोजूनच पाहू. प्रत्येकाला हवा तसा त्रिकोण काढू द्या आणि कोनमापकाने कोन मोजू द्या. बेरजा 179, 181, 180 अशा येतील. एखाद्याची 178 सुद्धा. यांतली खरी कोणती? जास्त मुलांचे उत्तर ते खरे, असे तर म्हणता येणार नाही. शिवाय वर्गात पन्नास त्रिकोण मोजले, तरी न मोजलेले त्रिकोण अगणित उरतातच.

‘पण एवढ्या वेळा जमले, म्हणजे नेहमीच जमणार!’ असे कोणी म्हणाले, तर पुढचा प्रयोग करावा. वर्तुळावर 2 बिंदू घेऊन जोडले, तर आतल्या भागाचे 2 तुकडे होतात. 3 बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी जोडला, तर 4 तुकडे. 4 बिंदूंचे 8, 5 बिंदूंचे 16. आता 6 बिंदूंचे किती? सारा वर्ग एका सुरात ‘32’ म्हणतो. तीन रेषा आत एकाच बिंदूत मिळणार नाहीत अशा बेताने आकृती काढून तुकडे मोजायला सांगा. ते 31 भरतात. मुले पुन्हा पुन्हा मोजतात, पण बत्तिसावा तुकडा सापडत नाही. आधीच्या उदाहरणांवर विसंबणे कुठे फसू शकते, हे एवढ्याने पटते.

आता त्रिकोणाकडे वळू. अबक या त्रिकोणात अ या शिरोबिंदूतून बक या बाजूला समांतर रेषा काढू. अ पाशी त्रिकोणाच्या दोन्ही अंगांना जे कोन तयार होतात, ते अनुक्रमे ब आणि क या कोनांचे व्युत्क्रम कोन आहेत, म्हणून त्यांच्याएवढेच आहेत. हे दोन आणि मधला अ कोन मिळून सरळ कोन होतो. म्हणजे बेरीज 180 अंश. यात कोणत्याही एका त्रिकोणाचे माप आलेले नाही; म्हणूनच ही सिद्धता सर्व त्रिकोणांना लागू पडते.

अर्थात, तीही कशाच्या तरी आधारावर उभी आहे. युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी पाच गृहीतके मांडली. समांतर रेषांविषयीचे हे गुणधर्म त्यांतल्या पाचव्यावर टेकलेले आहेत. सपाट कागद सोडून चेंडूवर त्रिकोण काढला, तर बेरीज 180 राहत नाही. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे 90 रेखांशांचे अंतर असलेले दोन बिंदू घ्या. या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत, बेरीज 270! काय गृहीत धरले आणि त्यावरून काय निघाले, हे वेगळे ओळखता येणे हीच माध्यमिक शाळेतल्या भूमितीकडून ठेवायची मुख्य अपेक्षा.

ही उडी सोपी नाही. हॉलंडमधील व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने 1957 साली आपल्या प्रबंधांतून भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसत्या रूपाने ओळखते. चौरस तिरपा काढला की त्याची ‘शंकरपाळी’ होते. दुसरीवर गुणधर्म कळतात. तिसरीवर गुणधर्मांचे परस्परांशी नाते कळते. चौरस हा आयतही आहे, हे पटते. खरी सिद्धता त्यापुढची. शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत असतील आणि विद्यार्थी खालच्या पायरीवर असेल, तर शब्द तेच असूनही अर्थ पोचत नाही. असा विद्यार्थी ‘ढ’ नसतो. त्याची मधली पायरी राहिलेली असते. ती करून घ्यायला नववीतही उशीर झालेला नसतो. कागदाच्या घड्या, कर्कटकाच्या रचना, ‘आयताचे कर्ण समान असतात, मग कर्ण समान असलेला प्रत्येक चौकोन आयत असतो का?’ यासारखे व्यत्यासाचे प्रश्न, हे सारे त्यासाठीच.

वर्गात करून पाहा: प्रत्येकाने मनाला येईल तसा वेडावाकडा चौकोन काढावा. चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडावेत. प्रत्येकाच्या वहीत समांतरभुज चौकोन उमटेल. शेजाऱ्याचा चौकोन वेगळा, तरी आतली आकृती त्याच जातीची! या वेळी ‘सिद्ध कशाला?’ असे कोणी विचारणार नाही. ‘असे का होते?’ हेच विचारतील. तेव्हा उत्तर सांगू नका. चौकोनाचा एक कर्ण काढायला सांगा, दोन त्रिकोण दाखवा, मध्यबिंदूच्या प्रमेयाची आठवण करून द्या आणि थोडा वेळ गप्प बसा.