भिंत पडते, बस्टर उभाच!

‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८) या मूकपटातलं वादळ. विनोदी नट बस्टर कीटन गोंधळून उभा आहे आणि मागच्या घराची दर्शनी भिंत अख्खीच्या अख्खी त्याच्यावर कोसळते. माळ्यावरची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून खाली उतरते. धूळ उडते, हा जागचा हललेलाही नाही. यात कॅमेऱ्याची करामत शून्य. भिंत सुमारे दोन टनांची, अंगाभोवती मोकळीक काही इंचांची आणि टेक एकच. दुसरा घ्यायला नट उरला असता की नाही, कोण जाणे! चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत नदीकाठी झालं. आधी बेत पुराचा होता, पण १९२७मध्ये मिसिसिपीला खराच महापूर आला आणि पटकथेत वादळ शिरलं. पडत्या भिंतीची हीच गंमत लहान प्रमाणात त्याने ‘वन वीक’मध्ये (१९२०) करून पाहिली होती.

पडण्याची तालीम घरचीच. रंगमंचावर वडील या पोराला उचलून इकडून तिकडे भिरकावत. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर चक्क बॅगेची मूठ शिवलेली असे. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला तिथेच उमगलं. तो मख्ख चेहरा पुढे पडद्यावर त्याची ओळख बनला.

‘शरलॉक ज्युनियर’च्या (१९२४) वेळी रेल्वेच्या टाकीतला पाण्याचा लोट अंगावर येऊन त्याची मान रुळावर आपटली. डोकं ठणकत राहिलं, काम थांबलं नाही. मानेचं हाड मोडलं होतं, हे कित्येक वर्षांनी एक्स-रेत दिसलं.