मध्यरात्रीची घंटा आणि रुग्णाचे ताट

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंचवीसएक किलोमीटर अंतरावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी बृहदीश्वराचे दर्शन घेतो, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो आणि परततो. या गावाकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक मराठी माणसाने आवर्जून पाहावी अशी एक वास्तू येथे आहे. ती म्हणजे मुक्तांबा छत्र. तमिळ भाषेत त्यास ‘मुक्तांबाळ चत्तिरम’ म्हणतात. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) यांनी ते १८०२ च्या सुमारास उभारले. मुक्तांबा ही राजांची प्रियतमा. आपल्या नावाने अन्नछत्र चालावे, अशी इच्छा तिने अंतकाळी व्यक्त केली होती, असे सांगितले जाते.

छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. काशीहून रामेश्वरास निघालेला यात्रेकरू महिनोन्‌महिने पायी चालत असे. वाटेत तो आजारी पडे, त्यास साप चावे, कोणा स्त्रीचे दिवस भरत, कोणाचे मूल पोरके होई. या सर्वांची सोय छत्रात होत असे. ती कशी होई, याची खात्रीलायक माहिती सरफोजीराजांनीच लिहून ठेवली आहे, आणि ती लिहिण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हेही जाणून घेण्याजोगे आहे.

१७९९ च्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि ठरावीक तनखा एवढेच उरले. छत्रांचा खर्च त्यांस लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चाले. ती गावेही कंपनीने घेतली तर चुली विझणार, हे उघड होते. तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांच्या या राजाने जानेवारी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास एक सविस्तर पत्र धाडले. आपले राज्य दानधर्मासाठी ओळखले जाते आणि हाच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आहे, अशी त्यांची भूमिका होती. राज्य गेल्याबद्दल हळहळ न करता अन्नछत्रांसाठी शब्द टाकणारा राजा विरळाच म्हणावा लागेल.

पत्रातील तपशील वाचताना एखाद्या रुग्णालयाची नियमावली वाचत असल्याचा भास होतो. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळे. ज्यांना शिजवलेले चालत नसे त्यांना शिधा दिला जाई. आजारी वाटसरूस औषध आणि त्याच्या प्रकृतीस मानवेल असे पथ्याचे अन्न मिळे, आणि तो बरा होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा होई. तान्ह्या मुलांसाठी दुधाची व्यवस्था असे. छत्रात बाळंत झालेल्या स्त्रीस तीन महिने राहण्याची मुभा होती. पोरकी मुले पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, दर चौथ्या दिवशी तेल लावून न्हाणे आणि ज्या विद्येची आवड असेल तिचे शिक्षण मिळे.

या साऱ्यात एक कलम विशेष लक्ष वेधून घेते. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. त्या वेळी घंटा वाजवून पुकारा होई, की अद्याप जेवला नसेल त्याने यावे. किती शेर तांदूळ शिजला याचा हिशेब कोठीत लिहिला जातच असणार. परंतु शिजलेले अन्न आणि पोटात गेलेले अन्न यांचा ताळा पाहायचा, तर कोणीतरी बाहेर येऊन विचारावेच लागते. पत्रात वर्णन आहे ते आधीपासून चालत आलेल्या छत्रांचे. ओरत्तनाडुचे छत्र त्यानंतर, त्याच परंपरेत उभे राहिले.

पथ्याचा विचार या घराण्यास नवा नव्हता. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथपंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला होता. धान्ये, भाज्या, फळे यांचे गुणदोष त्यात सांगितले आहेत. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात पुढे देशी वैद्य आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी नांदले. नेत्ररुग्णांच्या नोंदी तर चित्रांसह ठेवल्या गेल्या आणि त्या आजही सरस्वती महालात पाहावयास मिळतात.

रुग्णाच्या ताटाची काळजी वाहण्याचे काम आज आहारतज्ज्ञाकडे असते. ‘इंडियन डायटेटिक असोसिएशन’ १९६३ मध्ये स्थापन झाली. रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी पुरी केल्याखेरीज नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेस बसता येत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने तर या व्यवसायास संबद्ध आरोग्यसेवांमध्ये रीतसर स्थान दिले. पण कायदा आणि परीक्षा यांच्या मधला जो काळ वॉर्डात जातो, तो सर्वस्वी ज्येष्ठ आहारतज्ज्ञाच्या हाती असतो.

महाविद्यालयातून आलेली उमेदवार मुलगी उष्मांकांचे गणित अचूक मांडते. तिला शिकवायचे असते ते निराळेच. काल दिवसभरात काय खाल्ले, हा प्रश्न ती रुग्णास विचारते आणि ‘दोन वाट्या भात’ असे लिहून घेते. ज्येष्ठ बाई शांतपणे म्हणतात, “वाटी केवढी, ते विचारलंस का?” मग निरनिराळ्या आकारांच्या वाट्या समोर ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि दोन वाट्यांच्या साडेतीन होतात. मधुमेही गृहस्थांसाठी आखलेला आहार कागदावर निर्दोष असतो; पण घरी स्वयंपाक कोण करते, हे विचारलेलेच नसते. बोलणे गृहस्थांशी होते, भाकरी थापणारी सून बाकावर नुसती बसून राहते.

शहाळ्याची गोष्ट तर प्रत्येक रुग्णालयात घडते. फाटकाबाहेर शहाळेवाला असतोच आणि आजाऱ्यास भेटायला जायचे तर शहाळे न्यायचे, ही आपली रीत. मात्र शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाच्या रक्तात ते साचते आणि हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते. स्वयंपाकघरात अशा रुग्णाची भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात शिजवून, ते पाणी ओतून देऊन केलेली असते. आणि इकडे खाटेखाली दोन शहाळी ठेवलेली असतात! तक्ता पाहून हे कळत नाही. त्यासाठी वाकून खाटेखाली पाहावे लागते, आणि प्रेमाने आणलेली वस्तू परत नेण्यास आत्याबाईंना न दुखवता सांगावे लागते. हे सांगणे पुस्तकात नाही. ज्येष्ठ बाई पहिल्यांदा स्वतः सांगतात, उमेदवार ऐकते. पुढच्या वेळी उमेदवार सांगते, बाई दोन पावले मागे उभ्या राहतात.

ही दोन पावले महत्त्वाची. शाखेत नव्याने रुजू झालेल्या परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या व्हाउचरवर दुसरी सही का लागते, हे बँकेतील मंडळींना सांगणे नलगे. फरक इतकाच, की चुकलेली नोंद उलट नोंदीने दुरुस्त होते. नळीतून चुकीचे गेलेले अन्न परत घेता येत नाही. म्हणून आहारपत्रकावर आरंभी प्रत्येक ओळ तपासली जाते, नंतर केवळ अवघड रुग्णांची. चूक आढळली तर रुग्णासमोर ती काढायची नाही, हा चांगल्या मार्गदर्शकांचा कटाक्ष असतो. त्या दिवशी उमेदवाराचा अपमान झाला, तर उद्या ती आपली शंका बोलून दाखवणार नाही, आणि तिची न विचारलेली शंका रुग्णास महागात पडेल.

सर्वांत कंटाळवाणे काम जेवणानंतरचे. ट्रॉल्या परतू लागल्या, की उमेदवारांनी उष्टी ताटे पाहायची असतात. कोणी वरण तसेच ठेवले, कोणी पेजेला हातही लावला नाही. पत्रकावर सर्व रुग्णांपुढे ‘आहार दिला’ अशी खूण झालेली असते. एखाद्या म्हातारबांचे ताट झाकलेलेच परत येते. त्यांना तपासणीसाठी खाली नेले होते आणि ते वर येईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. तेव्हा उमेदवार मुलगी खोली क्रमांक वहीत टिपून घेते आणि पुन्हा स्वयंपाकघराचा जिना उतरते.