बारा मुलांची शाळा कशी मोजायची?

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२३ साली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा मोजल्या, तेव्हा त्या १४,७८३ भरल्या. त्यांत शिकणारी मुले १,८५,४६७ आणि शिकवणारे शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर एका शाळेच्या वाट्याला साडेबारा मुले आणि दोन शिक्षक येतात. यांत मोठा भरणा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचा आहे. वाडी, पाडा किंवा तांड्याच्या कडेला दोन खोल्या, एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी, मागे खिचडी शिजवण्याची शेड. यातल्या कितीतरी शाळा चालू शतकाच्या सुरुवातीला वस्तीशाळा म्हणून उघडल्या, कारण मोठ्या गावातल्या शाळेपर्यंत लहान मुलांचे पाय पोचत नव्हते. त्याच वर्षी पानशेत आणि तोरणमाळ इथल्या प्रयोगांच्या धर्तीवर त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार पुढे आला. त्याआधी २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. दोन्ही वेळी शाळेची पारख झाली ती मुख्यतः पट आणि दरडोई खर्च या दोन आकड्यांवर. आकडे खोटे नाहीत. पण लहान शाळेच्या बाबतीत ते शाळेपेक्षा गावाविषयी आणि नियमांविषयी जास्त सांगतात, आणि शाळेचे भवितव्य मात्र त्यांच्यावर ठरते.

आधी खर्चाचा आकडा सोडवून पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तर दोन शिक्षक द्यावे लागतात. राज्यात प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार महिना २९,२०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता बाजूला ठेवला तरी दोघांचे वर्षाचे मूळ वेतन ७,००,८०० रुपये होते. पट साठ असेल तर मुलामागे ११,६८० रुपये पडतात, बारा असेल तर ५८,४००. दोन्ही ठिकाणी शिक्षक तेच, पगार तोच, शिकवणेही तेच असू शकते. बदलला तो फक्त भाजक. म्हणजे दरडोई खर्च पाचपट झाला याचा अर्थ शाळेने पैसा उधळला असा होत नाही, शाळा चालवण्याचा किमान खर्च थोड्या मुलांत वाटला गेला एवढाच होतो. उधळायला शाळेच्या हातात असते तरी काय? समग्र शिक्षा योजनेतून तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान मंजूर असते. खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, विजेचे बिल हे सगळे त्यातच, आणि किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर घालायची. वेतन आणि अनुदान मिळून होणाऱ्या शंभर रुपयांतला दीड रुपयासुद्धा मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या मर्जीने खर्च होत नाही. याच अनुदानाची दुसरी पायरी पाहण्यासारखी आहे. एकतिसावे मूल दाखल झाले की रक्कम २५,००० होते. तिसाव्या मुलापर्यंत मुलामागे ३३३ रुपये, एकतिसाव्याला ८०६. असा आकडा घेऊन दोन शाळांची तुलना करणारा प्रत्यक्षात अनुदानाच्या कोष्टकाची तुलना करत असतो.

पटाची गोष्ट आणखी नाजूक आहे. यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत नोंद होते ती ३० सप्टेंबरच्या पटाची. बीडसारख्या जिल्ह्यात त्यानंतर काही आठवड्यांत ऊसतोडीचे तांडे हलतात. एका कुटुंबाबरोबर तीन मुले गेली की बाराच्या शाळेचा चौथा हिस्सा गेला. तेच कुटुंब मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मुले ठेवून गेले तर पट टिकतो. दोन्हींत शिक्षकाच्या कामाचा संबंध थोडाच. चाचण्यांचेही तसेच. तिसरीत तीनच मुले असतील तर एकाचे वाचन अडखळले की वर्गाचा निकाल तेहतीस टक्क्यांनी खाली येतो. एवढ्या लहान संख्येत एका वर्षाचा आकडा म्हणजे जवळजवळ निव्वळ योगायोग. पाच-सहा वर्षांची सलग रांग लावल्याशिवाय त्यातून काही वाचता येत नाही.

मग वाचायचे काय? माझ्या मते पहिला प्रश्न असा असला पाहिजे: या शाळेच्या हाकेच्या अंतरात शाळेच्या वयाची मुले किती, आणि त्यांतली किती इथे येतात? वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरची शाळा २०२३ च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्यासाठी भरत होती म्हणून बातम्यांत आली. ते गावच जेमतेम दीडशे लोकवस्तीचे. अशा ठिकाणी पट एक असणे हा गावाच्या जन्मनोंदीचा निकाल आहे. याउलट एखाद्या गावात चाळीस मुले असतील आणि सकाळी पिवळ्या गाड्या त्यांतल्या अठ्ठावीस मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नेत असतील, तर उरलेल्या बारांचा पट शाळेविषयी काहीतरी गंभीर सांगतो. वरून दोन्ही शाळा ‘वीसच्या आत’ या एकाच रकान्यात बसतात, पण त्यांना लागणारे उपाय वेगळे आहेत. हा दुसरा भाजक शोधायला नवे सर्वेक्षण नको. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. बंद करायच्या शाळांच्या यादीत पटाचा रकाना असतो, तसा या नोंदीचाही असायला हवा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. शेजारच्या मोठ्या शाळेत पदे रिक्त असताना इथे बारा मुलांना दोन शिक्षक का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. शाळा एकत्र केल्या तर शिक्षकांचे समायोजन होते आणि काही रिक्त पदे भरली जातात, हा फायदा खरा आहे. पण तो मोजताना दुसरी बाजूही मांडावी लागते. वाहतूक भत्त्याची तरतूद मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत आहे, म्हणजे बारा मुलांचे ७२,००० रुपये. कागदावर ही रक्कम एका शिक्षकाच्या पगारापेक्षा पुष्कळ कमी दिसते. मात्र घाटातल्या पाड्यावर या पैशांत रोज येणारे वाहन मिळेल का, पावसाळ्यात ओढा भरला की काय, आणि सहा वर्षांच्या मुलीला आई-बाप पाठवतील का, हे त्या हिशेबात येत नाही. मूल शाळेतून गळाले की खर्च वाचतो, आणि ती बचत यशासारखी दिसते. म्हणून मुले नवीन शाळेत सलग दोन वर्षे टिकली हे तपासल्याखेरीज कुठल्याही विलीनीकरणाची बचत मान्य करू नये. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दुसऱ्या जागी निवृत्त शिक्षक कंत्राटावर घेण्याचा मार्ग काढला गेला. खर्च त्याने उतरतो, पण ज्या शाळेत एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता सांभाळायच्या, तिथली शिक्षकाची सलगता त्यात जाते.

दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूने येतो: सवंगडी नाहीत, खेळाला संघ नाही, एका खोलीत दोन-तीन इयत्ता. सवंगड्यांचे म्हणणे मला पटते, आणि आठवड्यातून एकदा आजूबाजूच्या तीन-चार शाळांनी एकत्र जमणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. बहुवर्ग अध्यापनाचा दोष मात्र लहान पटावर टाकता येत नाही. साठ मुले आणि पाच इयत्ता असलेल्या शाळेलाही कायदा दोनच शिक्षक देतो. तिथेही एक शिक्षक एका वेळी दोन-तीन इयत्ता शिकवतो, तोही तीस मुलांना घेऊन.

आणि पट ही नियती नव्हे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२२ साली तीन मुले उरली होती. पुढे पट शंभराच्या वर गेला आणि २०२५ मध्ये या शाळेला जागतिक स्तरावरचा सर्वोत्तम शाळांचा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. असामान्य शिक्षक लाभलेल्या एका शाळेवरून धोरण आखता येत नाही, हे म्हणणे रास्तच. परंतु तीनच्या पटावर निकाल देऊन कुलूप लावले असते तर ते चुकले असते, एवढे सिद्ध व्हायला एक शाळा पुरते. आकडा फुगवणेही अवघड नसते. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत लाखो विद्यार्थी फक्त हजेरीपटावर असल्याचे आढळले होते. अनुदान आणि पदे पटाला बांधली की असे होते. लहान वाडीत ते लपतही नाही, कारण तिथे प्रत्येक मूल सगळ्यांच्या ओळखीचे असते.

ज्या गावात मुलेच उरली नाहीत तिथे शाळा हलवावी, पण वाहन आधी दारात उभे करून. जिथे मुले आहेत आणि ती याच शाळेत येतात, तिथे बाराचा पट हे बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. जिथे मुले असून येत नाहीत, तिथे शिक्षक, इमारत आणि अध्यापन तपासावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार कायद्याने याच समितीला दिला आहे. या पालकांना विनंती आहे: विलीनीकरणाच्या ठरावावर सही मागितली गेली, तर आधी ग्रामपंचायत हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंदवही मागा, गेल्या पाच वर्षांचा पट तिच्याशेजारी लिहून काढा, आणि दोन्ही रकाने ठरावाला जोडल्याशिवाय सही करू नका.